पप्पांचं मशीन

बाईंनी नवा सेल घातला आणि पप्पांचं कानाचं मशीन लेकीच्या तळहातावर शीळ घालू लागलं. तीच ती बारीक, हट्टी शीळ. चर्चमध्ये उपदेश रंगात आला की नेमकी पप्पांच्या कानातून निघायची. पाळकसाहेब वाक्य अर्धवट सोडून चष्म्यावरून बघायचे. सगळे वळून बघायचे. ती ऐकू न येणारा माणूस एकच, तो म्हणजे पप्पा.

"म्हणजे चालू आहे," मशीन बसवणाऱ्या बाई म्हणाल्या. "द्या इकडे."

मशीन द्यायचं म्हणूनच ती आली होती. तरी बोटं मिटली.

समोरच्या खुर्चीत ज्यांना ते मिळणार होतं ते ड्रायव्हरकाका बसले होते. इंजिनाशेजारी बसून जन्म गेलेला, कान केव्हाच गेलेले. मागे काकू पर्स छातीशी धरून उभ्या.

"यांना ऐकू यायला लागलं की काय होईल सांगू?" काकू म्हणाल्या. "भांडणं होतील. आत्ता मी बोलते, हे मान हलवतात. संसार कसा सुरळीत चाललाय!"

काकांनी त्यावरही मान हलवली.

तिला हसू आलं, आणि हसताना मूठ सैल झाली. बाईंनी अलगद मशीन उचललं. त्याची नळी आणि कानात बसणारा साचा काढून तिच्या हातावर ठेवला. "हा त्यांच्या मापाचा. दुसऱ्याच्या कामाचा नाही. ठेवा तुम्ही."

नखाएवढा, पारदर्शक. पप्पांच्या कानाची आतली सगळी वळणं त्यात उतरली होती. जिथे इतकी वर्षं तिच्या हाका जाऊन पोचत होत्या, ती जागाच जणू घट्ट होऊन हातात आली होती.

रात्री पप्पा मशीन काढून ठेवायचे आणि मग प्रार्थनेला बसायचे. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे देवाशी चाललेलं हितगुज खालच्या मजल्यापर्यंत पोचायचं. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाचं लग्न अडलंय, सगळं.

"पप्पा, रात्री जरा हळू! देव बहिरा नाहीये," सकाळी त्यांनी मशीन घातलं की ती म्हणायची.

"देव नाही गं, मी आहे."

"मग तो काय म्हणतो ते कसं ऐकू येतं तुम्हाला?"

"हाक मारणं आपल्याकडे. पुढचं त्याचं तो बघतो."

त्यांना माती देऊन आल्यापासून ती रोज त्यांच्या पलंगापाशी गुडघे टेकत होती. प्रार्थनेची सुरुवातच 'बापा' या शब्दाने. तो काही तोंडून निघत नव्हता. भरल्या ताटावरून उपाशी उठावं, तशी ती रोज उठायची.

बाईंनी काकांच्या मापाचा साचा लावून मशीन त्यांच्या कानामागे बसवलं. काकूंनी लगेच विचारलं, "ऐकू येतंय का हो?"

"येतंय."

"याचं काही खरं नाही हं, बाई. मी तोंड उघडायच्या आत यांना कळतं मी काय म्हणणार ते."

"मग घरचा आवाज नकोच," बाई तिच्याकडे वळल्या. "ताई, तुम्ही बोला. त्यांच्या मागे उभ्या राहा, ओठ दिसायला नकोत. साधं काहीतरी, फळांची नावं घ्या. आणि काका, जे ऐकू येईल ते परत म्हणायचं."

ती मागे जाऊन उभी राहिली. पिकलेले विरळ केस, सैल झालेली कॉलर. कानामागे मशीन. त्याच्यावर लाल ठिपका. ते उजव्या कानात घालायचं हे पप्पांच्या लक्षात राहावं म्हणून तिनेच नेलपॉलिशने लावलेला.

तिला एकही फळ आठवेना.

"बोला, ताई."

मुठीतला साचा आता गरम झाला होता.

"पप्पा," ती म्हणाली. इतकं हळू की बाईंनी मान वर केली.

"ओ," काका म्हणाले.

"अहो, ओ काय देताय?" काकू करवादल्या. "ऐकलंत ते परत म्हणायचंय!"

काका वळले नाहीत. "हाक कुणी परत म्हणतं का? हाकेला ओ द्यायची असते." आणि मशीनचा कान थोडा मागे कलता करून म्हणाले, "ऐकतोय मी, पोरी. बोल पुढे."