दोघांची तपासणी

आधी संगीताला आत बोलावलं. लखन बाहेरच्या बाकावर डोळे अर्धवट मिटून बसून राहिला. पुसदच्या त्या दवाखान्याच्या आवारात हिवाळ्याचं कोवळं ऊन पसरलं होतं. रस्त्यानं कापसाची गाडी गेली की पांढरे पुंजके तरंगत आत यायचे, कोणाच्या खांद्यावर बसायचे, पुन्हा उडायचे. लखनला गुंगी आल्यासारखं झालं होतं. त्या गुंगीत त्याला तांड्यावरचा मांडव दिसत होता. बाया गात होत्या आणि हळदीनं पिवळी झालेली संगीता त्याच्याकडे बघत होती.

संगीताचा पहिला नवरा ट्रक चालवायचा. तो एचआयव्हीनं गेला. लखननं तिच्याशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा त्याच्या आईनं, बिजलीबाईनं, नाही म्हटलं नाही. पण सगळ्यांसमोर संगीताला सांगितलं, "बाई, पहिले तुयी तपासणी. मंगच हळद."

लखनची मान खाली गेली. संगीता मात्र शांतपणे म्हणाली, "चालते काकी. पण नव्या जोडप्याची तिथं दोघाइचीही तपासणी करतात. लखनलेही यावं लागन."

"मंग जाईन तो सोबत," बिजलीबाई म्हणाली. तिला त्यात वावगं काही वाटलं नाही.

सकाळीच दोघांचं रक्त घेऊन झालं होतं. आता एकेकाला आत बोलावून सांगत होते. संगीता बाहेर आली आणि पदर सावरत म्हणाली, "माह्यं चांगलं हाय."

लखनच्या छातीवरचा दगड उतरला. त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो जवळजवळ तरंगतच आत गेला.

समुपदेशक इंदुताईंनी दार लावलं. "लखन, तुमचं एचआयव्ही निगेटिव्ह आहे. पण रक्तात सिफिलिस निघालाय. गरमी म्हणतात ना, ती."

"मले तर काहीच होत नाई."

"म्हणूनच कळत नाही. मागं कधी खाली जखम झाली होती?"

भिंतीवरचा पंखा बंद होता. लखन त्याच्याकडे बघत राहिला. हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर असताना टोळीतल्या पोरांसोबत तो एका संध्याकाळी एका खोलीवर गेला होता. नंतर एक फोड आला होता. दुखला नाही. आपोआप वाळून गेला. त्याच्यासोबत ती संध्याकाळही त्याच्या मनातून गेली होती.

"ते तर बरं झालतं," तो म्हणाला.

"जखम बरी झाली. आजार आतच राहिला." इंदुताईंचा आवाज मऊ होता. "घाबरू नका, हा पूर्ण बरा होतो. आज एक इंजेक्शन, मग दर आठवड्याला एक, अशी तीन घ्या. काही महिन्यांनी परत रक्त तपासू. तोवर संबंध ठेवायचे नाहीत. मी हे कोणालाच सांगणार नाही, तिलासुद्धा नाही. तुम्ही मात्र तिला सांगा."

इंजेक्शन घेऊन तो लंगडत बाहेर आला. कडुलिंबाखाली उभं राहून त्यानं संगीताला सगळं सांगितलं. हैदराबादची खोलीसुद्धा. मग तिनं विचारलं, "लय दुखून राह्यलं का?"

त्याला रडू आलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. बाहेर कापसाची पांढरी शेतं मागं मागं जात होती, आणि उन्हात सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. लखनला वाटलं, ही गाडी अशीच चालत राहावी, तांडा येऊच नये. आईला दोघांचंही चांगलं निघालं म्हणून सांगता येईल, असंही त्याच्या मनात आलं. संगीता काही बोलणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

बिजलीबाई अंगणात बाजेवर तूर निवडत बसली होती. तिनं आधी संगीताकडे बघितलं.

"काय निघालं?"

संगीता चपला काढायला खाली वाकली.

"तिचं चांगलं हाय, याडी," लखन आईला म्हणाला. "माह्यंच खराब निघालं."

मान वर न करता त्यानं आईला सगळं सांगितलं. औषध आहे, बरं होतं, तेही सांगितलं. सुपातला बिजलीबाईचा हात थांबला होता. मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि बाजेवर संगीतासाठी जागा केली.

"बाई, मी तुले चारचौघात बोलली. आता तूच सांग. करशीन का याच्याशी लगन?"

"औषध पुरं होऊ द्या, काकी. रक्त पुन्हा तपासू. डाक्टरनं हो म्हटलं की करीन."

बिजलीबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. जरा वेळानं तिनं विचारलं, "सकाळी जाताना तुले भेव नाई वाटलं?"

"नाई. ते वारले तवाच मायी तपासणी झालती. मंग आणखी दोनदा केली. माह्यं चांगलं हाय हे मले माहीत होतं."

"मंग त्या दिवशी माह्यं बोलणं काहून ऐकून घेतलं? तवाच सांगायचं ना."

संगीतानं लखनकडे बघितलं. "पहिल्या लग्नाच्या वक्ती मी काहीच विचारलं नवतं, काकी," ती म्हणाली. "आन् त्या दिवशी सांगतलं असतं, तर याले तुम्ही पाठवलं असतं का?"