लोण्यासारखा गिअर

"यंत्र माणसाशी कधीही खोटं बोलत नाही," श्यामकांतराव म्हणाले आणि त्यांनी दुसरा गिअर टाकला. यंत्राने कर्रर्र करून तोंडावर नकार दिला. मुलुंडच्या सिग्नलवर गाडी आचका देऊन बंद पडली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवरचा अंगठा काढायचाच नाही असं ठरवलं.

"टाका परत," शेजारी बसलेल्या क्षमाताई म्हणाल्या. मांडीवरची भाजीची पिशवी त्यांनी सवयीने घट्ट धरली. आवाजात राग नव्हता. रागवायलासुद्धा थोडा उत्साह लागतो.

गाडी त्यांचा मुलगा मिहिर कॉलेजात असताना घेतलेली. आता मिहिरच्या कानशिलावर पांढरे केस आले होते आणि पवईला त्याची स्वतःची, आपोआप गिअर बदलणारी गाडी होती. बापाच्या गाडीला त्याने गिऱ्हाईक शोधलं होतं. रविवारपर्यंत नीट झाली तर ठेवायची, नाहीतर द्यायची, असं ठरलं होतं. म्हणजे मिहिरने ठरवलं होतं.

गॅरेजवाल्या सीतारामने काकांच्या शब्दाखातर क्लचची केबल बदलली, गिअरचं ऑइल बदललं, क्लचप्लेटही बदलली. आता बदलण्यासारखा फक्त मालक उरला होता.

"काका, माझ्याकडे तर सगळे गिअर लोण्यासारखे पडतत. गाडीक काय झालेला नाय," तो म्हणाला. मग त्याची नजर काकांच्या डाव्या गुडघ्याकडे गेली आणि तो गप्प झाला. बोलला असता तर बरं झालं असतं.

गंमत म्हणजे गॅरेजमधून घरी येताना गाडी शहाण्यासारखी वागे. दुसऱ्या दिवशी पुन्हा कर्रर्र. डॉक्टरसमोर खोकला थांबतो ना, तसलं दुखणं.

"बाबा, स्पष्ट बोलू?" मिहिर फोनवर म्हणाला. "गाडी नाही, तुमचा पाय. क्लच पूर्ण दाबला जात नाहीये तुमच्याकडून."

"माझा पाय ठणठणीत आहे!"

"बरं. रविवारी बोलू."

श्यामकांतरावांनी फोन ठेवला. क्षमाताई स्वयंपाकघरात आहेत याची खात्री केली आणि डावं पाऊल भिंतीला टेकवून जोर लावून पाहिला. भिंत हलली नाही, पण तेवढ्यावरून निदान करता येईना. गाडी गेली की आपण कधी बाहेर पडायचं, कुठे जायचं आणि किती वाजता परतायचं हे मिहिरच्या सवडीने ठरणार, एवढं मात्र त्यांना स्वच्छ दिसत होतं. न्यायला मिहिर, सोडायला मिहिर. आणि मधल्या वेळात गॅलरी.

रविवारी सकाळी ते क्षमाताईंना घेऊन पवईला गाडी पोचवायला निघाले. चेहरा असा, की सोसायटीच्या वॉचमनने कोण गेलं म्हणून विचारलं. त्यांनी पहिला टाकला, गाडी सोडली, डोळे बारीक करून दुसरा टाकला.

पडला. आवाजही नाही.

त्यांनी तिसरा टाकला, परत दुसरा टाकला. पडला. मग त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि खाली वाकून पाहिलं.

"इथली मॅट कुठे गेली?"

"धुतल्यात. लोक बघायला येणार, तशा कळकट कशा ठेवायच्या?"

"धुतल्यात? किती होत्या?"

"एक कंपनीची," क्षमाताई शांतपणे म्हणाल्या. "ती खराब होऊ नये म्हणून वर रबराची. रबराला चिखल लागू नये म्हणून काथ्याची. आणि काथ्या टोचतो म्हणून त्यावर सतरंजीचा तुकडा."

"आणि गॅरेजला नेताना?"

"काढून घ्यायचे की. ती माणसं ऑइलच्या पायांनी चढतात."

श्यामकांतरावांनी क्लच दाबला. तो थेट तळाला गेला. इतके दिवस तो तळाला पोचायच्या आत सतरंजीवर टेकत होता. ज्या घरात टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीला रबरबँड, त्या घरातल्या क्लचने आणखी काय अपेक्षा करायची!

"पाय नव्हता," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने म्हणाले, "पाय नव्हताच!"

"मी कुठे म्हटलं होतं पाय?" क्षमाताई म्हणाल्या.

भांडुपपासून रस्ता मेट्रोसाठी खणलेला. रविवार असूनही गाड्या मुंगीच्या पावलांनी. क्लच, पहिला, क्लच, दुसरा, पुन्हा क्लच. गिअरने एकदाही तोंड वेंगाडलं नाही. कांजुरमार्गानंतर श्यामकांतरावांनी बोलणं थांबवलं. ते आनंदात असतील म्हणून क्षमाताईंनीही विचारलं नाही.

पवईला मिहिर गिऱ्हाइकासकट खाली उभाच होता. श्यामकांतरावांनी गाडीत बसल्या बसल्याच खिडकीतून भाषण केलं. त्यात सतरंजीचा इतिहास आला, क्लचचं शास्त्र आलं, हल्लीच्या पिढीची उतावळी वृत्तीही आली. मग मिहिरला मागच्या सीटवर बसवून त्यांनी सगळे गिअर टाकून दाखवले. गिऱ्हाईक घड्याळ बघत निघून गेलं.

"सॉरी, बाबा," मिहिर म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. "मी उगाच तुमच्या पायाला दोष दिला. नाही विकायची, चला. चालवा तुम्ही हवी तेवढी. वर येताय ना? चहा टाकायला सांगतो."

"तू हो पुढे. मी काचा लावून आलोच."

मिहिर लिफ्टकडे गेला. क्षमाताई उतरल्या, पदर सारखा केला, पिशवी घेतली आणि थांबल्या. काचा कधीच लागल्या होत्या. श्यामकांतराव दार उघडून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले होते.

"अगं, मिहिर गेला का वर?"

"गेला."

"नक्की?"

"गेला हो. का?"

"मग जरा या बाजूला ये. माझा डावा पाय तेवढा उचलून बाहेर ठेव."