चित्र शिजेपर्यंत

"पुन्हा दोनच दिसतायत," वहिनींनी दारातच सांगितलं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला सगळे डॉक्टर म्हणत. हे ऐकून डॉक्टरचं तोंड उतरायला हवं होतं, पण त्याला उलट हुरूप आला. चार ग्राफिक्स कार्डांचं हे मशीन त्यानेच जोडलेलं. त्यातली दोन कार्डं अधूनमधून गायब व्हायची. जळायची नाहीत, बिघडायची नाहीत, नुसती दिसेनाशी व्हायची. आधीच्या दोन्ही खेपांना त्याने सगळं खोलून पुन्हा जोडलं होतं आणि मशीन मुकाट्याने सुरू झालं होतं. असला आजार त्याने पाहिला नव्हता.

वहिनी न बांधलेल्या घरांची चित्रं करायच्या. सोफा, पडदे, खिडकीतून आत येणारं ऊन, सगळं हात लावावासा वाटेल असं. गिऱ्हाइकं नवरा आणायचा. एकच कार्ड होतं तेव्हा एक चित्र तयार व्हायला अख्खी दुपार जायची. मग नवऱ्याने आणखी तीन घालायला लावली. आता चहा उकळेपर्यंत चित्र हजर, आणि पुढचं दारात उभं.

नवऱ्याने डॉक्टरला बाजूला घेतलं. कानाचा फोन त्याने जरासा लांब धरला होता, एवढंच.

"बाबांचीच बोटं असणार. जन्मभर रेडिओ उघडले, सवय जाते का? तसं निघालं तर मला सांगा. धाकट्याकडे पाठवून देतो. घरात राहून घराचाच धंदा बुडवायचा म्हणजे काय?"

आणि तो बोलत बोलत बाहेरच्या खोलीत गेला.

सासरे मशीनच्याच खोलीत खिडकीपाशी बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, शाळेतल्या पोरासारखे. समोर बुद्धिबळाचा अर्धवट डाव होता, त्यावर धूळ बसलेली. डॉक्टरने विचारलं तेव्हा वहिनी हसल्या. पूर्वी चित्र शिजायला टाकलं की त्या रिकाम्या असायच्या, मग दुपारभर डाव रंगायचा. "मोहरे मीच हलवायचे, दोन्हीकडचे. राजेसाहेब नुसता हुकूम सोडणार." आता कसला डाव? चार शेगड्या पेटल्यावर स्वयंपाकीण कुठली बसतेय! त्यांनी सासऱ्यांना अर्धाच कप चहा दिला आणि शेजारी उभं राहून संपेपर्यंत गप्पा मारल्या.

डॉक्टर मशीनकडे वळला. बाजूची काच चार स्क्रूंवर होती. त्यातला मागचा, खालच्या कोपऱ्यातला, महाखोडसाळ. काढताना निघायचा, पण बसवताना काच थोडी वर उचलून धरली नाही तर आट्यांत शिरायचाच नाही. पहिल्या दिवशी त्यानेच डॉक्टरला रडकुंडीला आणलं होतं.

"मला बाई हे उघडतं कुठून तेही माहीत नाही," वहिनी म्हणाल्या आणि कप घेऊन आत गेल्या.

या खेपेला त्याने काही ओढलं नाही, काही हलवलं नाही. आधी टॉर्च मारून नुसतं पाहिलं. दोन कार्डांना वीज देणारी वायर अर्धी बाहेर आलेली होती. या वायरीला खटका असतो. एका अंगठ्याने तो दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने अलगद ओढायचं, तरच ती सुटते. म्हणजे उंदीर नाही, धक्का नाही. शिवाय मशीनमधल्या नोंदीप्रमाणे ते आधी रीतसर बंद केलेलं. चालू यंत्रात हात घालू नये, हे ज्याच्या अंगात मुरलंय त्याचं हे काम.

त्याने मान वर केली. म्हातारा त्याच्याकडेच बघत होता.

"सापडलं?"

"सापडलं, काका."

मग सासरे म्हणाले, "मीच केलं ते. चार कार्डांत ती उठतच नाही जागची. दोन असली की येते बसायला." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "त्याला सांगणार?"

डॉक्टरचा कोडं सुटल्याचा आनंद पार विरून गेला. जी कार्डं त्याने थाटात बसवून दिली होती, त्यांनीच या माणसाची दुपार खाल्ली होती. आणि धाकट्याकडे गेल्यावर समोर बसायला कोण?

तो बाहेर जाऊन नवऱ्याला म्हणाला की वायर जुनाट होती, गरम होऊन सैल पडायची, आता नवी घातली. नवऱ्याने फोनवर बोलता बोलताच अंगठा दाखवला. आयुष्यात गिऱ्हाइकाशी इतकं सफाईदार खोटं डॉक्टर कधी बोलला नव्हता.

परत येऊन त्याने वायर दाबून बसवली. पडद्यावर चारही कार्डं दिसली. काच लावली, तीन स्क्रू आवळले. वहिनी हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. चारचा आकडा बघून त्यांनी "वा" म्हटलं आणि नजर धुळीतल्या डावाकडे वळवली.

डॉक्टरला वाटलं, म्हाताऱ्याला असं मान खाली घालून सोडून जाऊ नये. दोघे एकाच धंद्यातले. त्याने तो खोडसाळ स्क्रू सासऱ्यांपुढे धरला आणि हळूच म्हणाला, "उघडलंत तुम्ही, तर बंदही तुम्हीच करा."

सासरे हलले नाहीत. डॉक्टरने हात मागे घेतला नाही. शेवटी त्यांनी मांडीखालून उजवा हात काढला.

तो हात थरथरत होता. थोडाथोडका नाही, खांद्यापर्यंत. बोटं स्क्रूभोवती फिरली, त्याला लागली, निसटली. पुन्हा लागली. स्क्रू टणकन फरशीवर पडला आणि घरंगळत गेला.

वहिनी वाकल्या. त्यांनी स्क्रू उचलला, सासऱ्यांचा हात अलगद त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि मशीनमागे न बघताच हात घालून, काच किंचित वर उचलून धरत, तो एका दमात बसवून टाकला.