कागुयाचं बारसं

बाळाची आत्या विभावरी पाळण्यावर वाकली, तोंड कानाशी नेलं आणि नाव न सांगताच परत ताठ झाली. तिच्या पाठीत बुक्के घालायला मुठी वळून उभ्या असलेल्या बायका तशाच थांबल्या.

"आधी मला अर्थ सांगा. रियाधहून दहा तास गाडीत बसून कागुया, कागुया पाठ करतेय. तोंडाला फेस आला."

"लखलखणारी," बाळाची आई सुरुची म्हणाली. "जपानी नाव आहे, ताई. तिथली जुनी गोष्ट. एक म्हातारा बांबू तोडायचा. मूलबाळ नव्हतं. एक दिवस एका बांबूत उजेड दिसला. फोडला तर आत बोटाएवढी पोरगी. दोघा म्हाताऱ्यांनी वाढवली."

"बरं. मग?"

सुरुची बाळाचं दुपटं सारखं करायला लागली.

"सुम्या, तू बोल. मग काय?"

सुमीतनं बहिणीकडं न बघता घुगऱ्यांचं पातेलं उगाच सरकवलं. "मग पुनवेला चंद्रावरची माणसं आली. घेऊन गेली तिला."

"अरे, डोकं आहे का खोकं! नऊ वर्षांनी पोर झाली. आधी दोनदा काय झालं ते मी विसरले का? आणि नाव कुणाचं, तर सोडून जाणारीचं! एवढे शिकलात, इथं सौदीत थुवालला येऊन समुद्राचं पाणी गोड करता, आणि एवढं कळत नाही? मी नाही सांगणार कानात. सई ठेवा, जुई ठेवा, काय वाट्टेल ते ठेवा."

सुरुचीनं पाळण्याची दोरी धरली.

"दुसऱ्या वेळी आम्ही जपानलाच होतो, ताई. शेजारच्या आजी रोज पेज आणायच्या. त्यांनीच सांगितली ही गोष्ट. मीपण चिडून हेच म्हटलं, शेवटी गेलीच ना? तर म्हणाल्या, होती तेवढे दिवस त्या घरात दिवा लावावा लागला नाही."

पोरीनं झोपेतच जांभई दिली.

"बारशाला रडवता, गाढवांनो," म्हणत विभावरीनं पदरानं नाक पुसलं. खाली वाकली. "कुर्रर्र... कागुया!"

पाठीत धपाधप बुक्के पडले. पण ती उठेना.

"आणि हे बघ बाय," ती तिथंच पोरीच्या कानात म्हणाली, चांगलं सगळ्यांना ऐकू जाईल असं, "चंद्रावरून कुणी न्यायला आलं, तर त्यांना सांगायचं, या देशातून असं उठून जाता येत नाही. कफीलची, म्हणजे इथं आपली जबाबदारी घेणाऱ्याची, सही लागते. माझी कफील आत्या आहे. आणि ती सही देत नाही. खलास."