दोघांचा खेळ

पार्किंगमध्ये टेम्पो लावून मिस्त्री दुकानात शिरला तेव्हा त्याची लेक मोठ्या टीव्हीसमोर उभी होती आणि सपाटून हरत होती.

तो दारातच थबकला. अकरा वर्षांची ही पोर, घरात तिला सगळे बारकी म्हणत, आणि कुठलाही गेम ती दोन दिवसांत कोळून प्यायची. इथे मात्र पडद्यावरचा तिचा माणूस दर चार पावलांना खड्ड्यात पडत होता. ती जराही न वैतागता त्याला पुन्हा उभा करत होती.

आज वाढदिवसाचा गेम घ्यायचा होता. कोणता, हे विचारायची गरजच नव्हती. तीन महिने तिने घोड्यांच्या एका गेमपायी घरादाराचं डोकं खाल्लं होतं. त्यातल्या घोड्यांची नावं आता तिच्या आईलाही पाठ झाली होती. मग ही दुसऱ्याच गेमशी कसली झटापट करतेय, ते मिस्त्रीला कळेना.

दुकानातल्या मुलीलाही कळत नव्हतं. तिने पुढे होऊन सांगितलं की कंट्रोलर असा धरायचा नसतो, वरची बटणं या दोन बोटांनी दाबायची. तेव्हा मिस्त्रीचं लक्ष बारकीच्या उजव्या हाताकडे गेलं. अंगठ्याजवळची दोन बोटं तिने तळव्यात घट्ट मुडपून घेतली होती.

"ही दोन बोटं नाहीतच असं समजा," बारकी म्हणाली. "मग कसं खेळायचं?"

मिस्त्री हेडफोनच्या मांडणीआड सरकला.

त्याचा उजवा हात खिशात होता. बाहेर असला की तो बहुतेक खिशातच असायचा. कटर मशीनने ती दोन बोटं नेली त्याला चार वर्षं झाली. उरलेल्या तीन बोटांनी तो रंधा मारत होता, बिजागऱ्या बसवत होता. कारखान्यात त्याच्या कामाला कुणी नाव ठेवत नव्हतं. पण कन्सोल घरी आला त्या दिवशी बारकीने हौसेने दुसरा कंट्रोलर त्याच्या हातात दिला, तर पाच मिनिटांत त्याने तो खाली ठेवला. एक कपाट आजच्या आज पोचवायचंय म्हणाला आणि घरातून निघाला. त्या दिवशी रविवार होता. कुणी काही बोललं नाही. बारकीनेही पुन्हा कधी कंट्रोलर पुढे केला नाही. पोरगी विसरली, असं त्याने धरलं होतं.

दुकानातल्या मुलीने क्षणभर बारकीकडे पाहिलं. का, कुणासाठी, असलं काही तिने विचारलं नाही. सेटिंगमध्ये जाऊन तिने दाखवलं की वरच्या बटणांचं काम खालच्या बटणांना देता येतं, मग एकटा अंगठा पुरतो. बारकीने तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. बोटं मुडपलेलीच ठेवून तिने धावून पाहिलं, उडी मारून पाहिली, दोरीला लटकून पाहिलं. एका ठिकाणी अंगठा वेळेत पोचेना, तेव्हा तिने बटणं आणखी एकदा बदलायला लावली आणि परत सुरुवातीपासून खेळली.

मिस्त्री आडून बघत राहिला. फळी घेताना तो ती डोळ्यासमोर आडवी धरून बाक बघायचा, टोकापासून टोकापर्यंत हात फिरवायचा, आणि वखारवाला कितीही घाई करो, मन भरल्याशिवाय हो म्हणायचा नाही. पोरीला त्याने हे कधी शिकवलं नव्हतं. ती कारखान्यात आली की भुशात खेळायची, एवढंच त्याला ठाऊक होतं.

खाकरून तो पुढे आला. बारकीची बोटं चटकन उलगडली.

"हा घेऊ या," ती त्याच गेमचा डबा पुढे करत म्हणाली.

"आणि घोडे?"

"तो एकट्यानेच खेळायचा आहे," ती म्हणाली आणि काउंटरकडे चालू लागली.

मिस्त्रीने खिशातून हात काढला आणि तिच्या खांद्यावर ठेवला. तसाच, सगळ्यांदेखत, काउंटरपर्यंत.

घरी पोचल्यावर बारकीने आधी त्याचा कंट्रोलर हातात घेतला. "जरा सेट करायचंय," एवढंच म्हणून त्याच्याकडे पाठ करून बसली. मिस्त्री पाणी पिण्याच्या निमित्ताने उठला आणि तिचं काम उरकेपर्यंत स्वयंपाकघरातच रेंगाळला.

मग दोघं खेळायला बसले. एक नदी होती, तिच्यावर मोडका पूल, पूल ओलांडला की दगडी दरवाजा. बारकी तीन उड्यांत पार झाली. मिस्त्री पहिल्याच फळीवरून पाण्यात. पुन्हा चढला, पुन्हा पाण्यात. पण अंगठा जिथे जाईल तिथे बटण होतं, हे त्याला जाणवत होतं.

"मिस्त्री, आज मुक्काम पाण्यातच दिसतोय," इस्त्री करता करता बायको म्हणाली. तोही हसला. नवव्यांदा तो पुलाच्या मध्यापर्यंत पोचला आणि तिथून पडला. त्याने लेकीला सांगितलं की तू हो पुढे, माझ्यापायी कशाला खोळंबतेस.

बारकीने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"तुम्ही आल्याशिवाय मलाही दरवाजा उघडत नाही, बाबा," ती म्हणाली. "सावकाश या."

मिस्त्रीने पडद्याकडे पाहिलं. नदीच्या पलीकडे, बंद दरवाजाशी, तिचा इवलासा माणूस पाय पसरून निवांत बसला होता.