आंबट वर्ज्य

संडासाच्या दाराशी गोदाक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. आत बुवा होते. त्यांचं पोट साफ होऊन आठ दिवस झाले होते. सासऱ्यांचंही असंच सुरू झालं होतं, मग आतड्यात गाठ निघाली.

"हाताला तरी गाठ लागत नाही," गुरुवारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "घरात आंबट फळ येतच नाही?"

"कीर्तनकाराचा गळा आहे, बाई. तीस वर्षं लिंबूसुद्धा शिवू दिलं नाही. श्रोते संत्री देतात, ती मी वाटून टाकते."

"पोटातले चांगले जंतू अशा फळांवर पोसतात, आक्का. रोज दोन संत्री द्या, पांढऱ्या शिरांसकट. बहुतेक फरक पडेल. नाहीच पडला, तर सोमवारी दुर्बिणीनं तपासू."

आज सोमवार. गळा जपता जपता आपणच यांचं पोट उपाशी ठेवलं का? पांडुरंगा, आवाज ने हवा तर, पण माणूस ठेव.

कडी वाजली. बुवा हातपाय धुऊन देवापुढे बसले. आक्कांनी दवाखान्यात न्यायची पिशवी उचलली.

मग "रामकृष्ण हरी"चा असा खणखणीत सूर लागला, की शेजारणीनं खिडकी उघडली.

"अगं, उरलेली संत्री कुठं ठेवलीस?" बुवांनी विचारलं.