चार खोल्यांचं घर

"लाकूड पुन्हा टाकलंत?" सून म्हणाली.

"टाकलं की," सासूबाई म्हणाल्या. "हवं असेल तर उचल."

हवं तर होतंच. सुनेची तिसरी खोली एका लाकडावाचून अडली होती. जमलेले पत्ते समोर उघडे मांडायचा नियम. म्हणजे हे न दिसायला सासूबाई काही आंधळ्या नव्हत्या. सुनेने पत्ता उचलला, खोली पूर्ण केली आणि दातओठ खात पुढचा पत्ता टाकला. जिंकत असताना इतकी चिडचिड होणारी ती पहिलीच बाई असेल.

खेळ नवऱ्याने आणला होता. जहाजावर रुजू व्हायला निघाला तेव्हा खोका टेबलावर ठेवून म्हणाला, "आता वर्षभर घरात तुम्ही दोघीच. मिळून खेळत जा." आणि बॅग उचलून मोकळा झाला. घरातली धुसफूस मिटवायची त्याची पद्धत ही अशी.

शिकवायचं काम साहजिकच सुनेच्या गळ्यात पडलं. लाकूड, दगड, पाणी, धान्य असे चार प्रकारचे पत्ते. गड्डीतला एक उचलायचा, हातातला एक टाकायचा. टाकलेला समोरचीला घेता येतो. चारही प्रकार जमले की एक खोली. चार खोल्या झाल्या की घर उभं राहिलं, डाव संपला. घर व्हायच्या आत गड्डी संपली, तर सगळं फुकट.

"समजलं का, आई?"

"न समजायला काय झालं? तू आधी समोर येऊन बस. शेजारी बसून कधी पत्ते खेळतात होय?"

सासूबाई टेलिफोन ऑपरेटर होत्या. नोकरीभर जेवणाच्या सुट्टीत त्यांचा पत्त्यांचा अड्डा जमायचा, दोघी विरुद्ध दोघी. त्यात आपला हात धरणारं कोणी नव्हतं, असं त्या स्वतःच सांगायच्या. मग अशा बाईला हा पोरखेळ जमू नये? त्यांची एक खोली होते न होते, तोवर सुनेचं घर उभं. वर चेहरा बघावा तर खुललेला.

"झालं बाई एकदाचं, गड्डी संपायच्या आत!"

"तुमची एकच खोली झालीय, आई."

"माझं राहू दे गं. तुझं झालं ना?"

हे वाक्य सुनेच्या डोक्यात जायचं. न सांगता तिचा डबा घासून ठेवायचा, न सांगता तिच्या कपड्यांना इस्त्री करायची आणि वर 'माझं राहू दे'. मला हरवणंसुद्धा ह्यांना कमीपणाचं वाटतं, असं तिने नवऱ्याला फोनवर सांगितलंही. तो म्हणाला, "अगं, शिकेल हळूहळू."

हळूहळू तिचाच धीर सुटत चालला. ऑफिसजवळ तिने एक भाड्याची खोली पाहून ठेवली. किल्लीही पर्समध्ये येऊन पडली. आता फक्त सांगायचं बाकी होतं, आणि त्यासाठी निमित्त सापडत नव्हतं.

रविवारी दुपारी डाव मांडताना तिने ठरवलं, आज आपण हरायचं. बघू, जिंकतात तरी का.

सासूबाईंची खोली पाण्यावाचून अडलीय हे दिसताच तिने पाणी टाकलं. सासूबाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी दगड टाकला, नेमका सुनेला हवा असलेला. सुनेने तो तसाच पडू दिला. त्यांनी आणखी एक दगड टाकला.

"अगं, उचल ना!" सासूबाई पहिल्यांदाच चिडल्या. "लक्ष कुठाय तुझं?"

"मला नकोय."

"नकोय काय? गड्डी संपत आली!"

गड्डी संपली. घर कोणाचंच झालं नाही. सासूबाईंचा चेहरा पार उतरला, आणि तो उतरलेला चेहरा पाहून सुनेच्या संतापाचा कडेलोट झाला.

"जिंकायचंही नाही आणि हरायचंही नाही! तुम्हाला माझ्याशी खेळायचंच नाहीये, आई. सरळ सांगा की तसं. खोली बघितलीय मी ऑफिसजवळ. आजच जाते."

सासूबाई खाली मान घालून पत्ते गोळा करत राहिल्या.

सून आत गेली. कपाटावरची बॅग काढून तिने पलंगावर आपटली, हाताला येतील ते कपडे भरायला लागली. पर्स उघडून किल्ली असल्याची खात्री करून घेतली. बाहेर फोन वाजला. अड्ड्यातल्या जुन्या मैत्रिणीचा असणार. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे सासूबाईंना ओरडून बोलावं लागे आणि बोलणं घरभर पोचे.

"हो, आत्ताच झाला डाव... कोण जिंकतं म्हणजे? मी की सून? अगं, असं काय विचारतेस? तू बसायचीस ना, तशी समोर बसते ती माझ्या. भिडू आहे ती माझी! रोज जिंकतो आम्ही. आज पहिल्यांदाच हरलो."